सव्वा मूठ

मारवडला, आईच्या घरी,
कानबाईचे गहू अजून मुठीनं मोजतात.
गडीमाणसामागे सव्वा मूठ:
वडलांची, दोघा भावांची,
नातवाची, जो अजून रांगतो,
आणि शेवटी, दार लोटून घेऊन,
एक माझ्या त्या नावाची
जे मी बावीस वर्षांपूर्वी एसटीच्या सीटवर विसरून आले,
मुद्दाम.

वहिनीनं फोनवर सांगितलं हे.
राग आला. मग रडू आलं. मग पुन्हा राग.
आई मला मोजते,
पण मोजते त्याला, जो मी नाही.

इथे अमळनेरला, बंद मिलच्या मागच्या गल्लीत,
आमचीही कानबाई बसते.
शेवंता मायनं बसवलेली. माय जाऊन नऊ वर्षं झाली.
तिचीच नथ अजून,
नारळावर डोळे मी काजळानं काढते
आणि दर वर्षी डावा जरा मोठा होतो.
'राहू दे,' माय म्हणायची,
'तिले तेवढं जास्त दिसी.'

पहिल्या वर्षी म्हणे भांडण झालं.
गडीमाणसामागे मूठ, तर आपल्यात गडी कोण?
कुणी हसलं, कुणी चपला घालून निघालं.
मायनं गव्हाचं पोतं ओट्यावर पालथं केलं:
'ज्याले भूक लागस त्यानी मूठ. बस.'

आधी जिवंतांची. मग लाल वहीतल्यांची.
वाचायचं काम माझ्याकडे.

सुकलाल आणि झिपरू. मिल, साचाखातं, रात्रपाळी.
एका खोलीत एकतीस वर्षं. लोक म्हणत, भागीदार.
मिल बंद पडली, दोघांना हिशेब वेगवेगळा मिळाला,
तो एकाच रुमालात बांधून घरी आणला.

द्वारकाबाई आणि सिंधू मास्तरीण.
एकीच्या तेराव्याला दुसरीला
शेजारीण म्हणून पंगतीच्या टोकाला बसवलं.

गुलाब तडवी, यावलचा. रोजे धरायचा
आणि रोटाची कणीकही त्याच्याच हातची लागायची.
विचारलं तर म्हणे,
दोन्हीकडे हजेरी लागते माझी.

आणि ही एवढीच ओळ:
'भुसावळहून आलेली. नाव सांगितलं नाही. पोहे आवडत.'
तिचीही मूठ.

बहात्तरच्या दुष्काळातली माणसं
मायला तोंडपाठ होती.
आम्ही लिहून घेऊ, लिहून घेऊ म्हणत राहिलो.
ती पानं कोरीच आहेत.

यंदा केवल आला, चोपड्याहून.
आवाज नुकताच फुटतोय, ओठावर लव,
आणि तिच्यावरून बोट फिरवायची नवी सवय.
गव्हापाशी उभा राहिला, हात खिशात.
'आमच्याकडे पोरींची मूठ नसते,' म्हणाला,
'त्यामुळे मला काही माहीत नाही. सव्वा म्हणजे किती?'

कुणालाच नीट सांगता येईना.
रुखमा म्हणाली, मूठ आणि चिमूट.
कुणी म्हणालं, मूठ भरून वर जेवढं राहील तेवढं.
त्यानं भरली. सांडली. पुन्हा भरली.
कानबाईच्या मोठ्या डोळ्यासमोर
पोराचा हात थरथरत होता
आणि मला मात्र त्याचं ते वाक्य सुटेना:
पोरींची मूठ नसते.

म्हणजे आईचीही नाही.
लग्न होऊन आली तेव्हापासून ती मोजतेय,
निवडतेय, धुतेय, वाळवतेय,
दार लोटून माझ्यासाठी चोरून मोजतेय,
आणि त्या सुपात
तिच्या नावाचा एक दाणा कधी पडला नाही.
इतकी वर्षं मी रागावलेय तिच्यावर,
हे एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही.

मी आणखी एक मूठ घातली. दार उघडंच होतं.
'काय लिहू?' केवलनं वही पुढे ओढली.
'लिही, कोकिळाबाई. मारवड.'
'जिवंतांत की वहीतल्यांत?'
'जिवंतांत. येईल की नाही माहीत नाही.'

रोट भाऊबंदांनाच द्यायचा असतो,
उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नसतो.
एक चतकोर मी रुमालात बांधणार आहे. मारवडची एसटी साडेनऊला.
माय असती तर तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं असतं.

पिठाच्या गिरणीवाल्यानं डबा उचलून पाहिला.
'घरात माणसं किती?'
केवलनं वही उघडली, बोट टेकवून मोजलं
आणि फुटक्या आवाजात आकडा सांगितला.